दोर धरणारी

विहिरीच्या तळातून आलेला आवाज खोटा असतो, हे तिला कुणी वेळेवर सांगितलं नाही. खाली उभं राहून माणूस नुसता खोकला तरी वर कुणी मोठा माणूस आल्यासारखं वाटतं. दगडाच्या भिंती आवाजाला धरतात, फुगवतात, गोल करतात आणि वर सोडतात. अशा वेळी काठावर एखादी मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी असेल, तर तिचं काही खरं नाही.

ती तशीच उभी होती. बापाच्या परसात विहीर खणायला मायलेक आले होते. म्हातारी वर रहाटावर आणि मुलगा खाली. सगळे त्याला पाताळ्या म्हणायचे. दिवसभर जमिनीच्या पोटात, वर आला की मातीने माखलेला, डोळे तेवढे पांढरे. तो खालून ओरडायचा, "वर कोण आलं गं? नुसती सावली पडली आणि इथं गार झालं!" आज असलं काही ऐकलं असतं तर तिने मुरमाचं टोपलं त्याच्या डोक्यावर रिकामं केलं असतं. तेव्हा मात्र तिचे कान तापायचे, आणि तहान नसलेल्या माणसासाठी ती पुन्हा पुन्हा पाणी घेऊन जायची.

त्या विहिरीला पाणी लागलं आणि त्या घरातली मुलगी पाताळ्याबरोबर गेली. बाप म्हणाला, "आवाजावर भाळून चाललीस. आवाज जेवायला वाढत नसतो." तिला वाटलं, ह्यांना प्रेमातलं काय कळतंय. त्यांना सगळं कळत होतं. पण बाप नेमका अशाच वेळी बरोबर असतो, जेव्हा त्याचं ऐकणं शक्य नसतं.

लग्नानंतर पहिल्याच कामावर पाताळ्याने आपल्या आईला रहाटावरून बाजूला केलं आणि लोखंडी मूठ नव्या बायकोच्या हातात दिली. दोन खांबांवर आडवं लाकूड, त्याला गुंडाळलेला दोर आणि कडेला ही मूठ. मूठ फिरवली की दोर वर येतो. दोराला टोपलं बांधलं तर मुरूम वर येतो, फळी बांधली तर नवरा वर येतो. दम खायचा असेल तर खांबाला असलेला लाकडी अडणा पायाने आत सरकवायचा, मूठ त्याला टेकून थांबते. एवढं शिकवलं आणि तिच्या डोळ्यांत बघून तो म्हणाला, "आजपासून माझा जीव तुझ्या हातात. दुसऱ्या कुणाच्या हातावर मी उतरणार नाही. मेलो तरी नाही."

त्या दिवशी ती जमिनीवर नव्हती. हाताला फोड आले. संध्याकाळी त्या फोडांवर फुंकर मारताना तिला वाटलं, बाकीच्या बायकांना नवरे बांगड्या देतात, मला माझ्या नवऱ्याने अख्खा जीव दिलाय. फोड फुटले, त्यांचे घट्टे झाले. नंतर नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला की तो म्हणायचा, "काय गं, खरखरीत."

वर आलेला पाताळ्या वेगळाच माणूस होता. खाली असताना "राणी", वर आल्यावर "अगं ए". खाली गप्पा, गाणी, थट्टा. वर आला की पाय धुवायचा, जेवायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. सुरुवातीला तिला वाटायचं, दमतो बिचारा. मग कळलं की खाली त्याला अंधाराची भीती वाटते, म्हणून तो बोलतो. वर उजेड असतो, बायकोशी बोलायची गरज पडत नाही.

दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा रहाटावर पोट रिकामं झालं. दोन्ही वेळा तो रडला, चांगला मोठ्याने, शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, बघा कसा जीव लावतो. आणि तिच्या अंगावरचं पुरतं थांबायच्या आत त्याने मूठ तिच्या हातात दिली. "काय करू राणी, दुसऱ्याच्या हातावर माझा पाय उतरत नाही."

तर असं प्रेम होतं.

त्या वर्षी पाऊस नावाला पडला. आदल्या वर्षीही तसाच. जमिनीतलं पाणी खाली खाली सरकलं आणि जिकडेतिकडे विहिरी खोल करायची घाई सुटली. पाताळ्याला उसंत नव्हती, म्हणजे तिलाही नव्हती; लोक आता तिला विहीरवाली म्हणायचे. उन्हाळा लागला तेव्हा ते एका बागवाल्याकडे होते. त्याची झाडं वाळायला लागली होती, पानं कडेने करपलेली. विहीर जुनी, खोल. तळाला काळा खडक लागलेला. पाताळ्या खाली पहार घालायचा, छिन्नीवर घण मारायचा, आणि फुटलेला दगड टोपल्यात भरून दोर हलवायचा. ती वर ओढायची. टोपलं काठावर आलं की अडणा सरकवायचा, वाकून टोपलं ओढायचं, ढिगावर ओतायचं, परत सोडायचं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत.

उजवा खांदा आधीच कुरकुरत होता. आता तो आतून जळायला लागला. सकाळी उठल्यावर हात वर जायचा नाही, वेणी सासू घालायची. मूठ वरच्या अंगाला गेली की खांद्यात काहीतरी घासायचं, कुणी आत वाळू भरल्यासारखं.

बागवाल्याची मुलगी दुपारी पाणी घेऊन यायची. नुकती वयात आलेली, केसांत रोज वेगळं काहीतरी. पाणी ठेवून लगेच जायची नाही. काठाशी उकिडवी बसून खाली वाकून बघायची. आणि तळातून आवाज यायचा, "आज पाणी गोड कसं गं लागतंय? कुणी बोट बुडवलं काय त्यात?"

मुलगी लाजून लाल व्हायची. विहीरवाली मूठ फिरवत असायची.

"काकू, किती छान बोलतात ना हे?" मुलगी एकदा म्हणाली.

"कोण?"

"काका."

"वर आल्यावर बोलतो का ते बघ."

"तुमचं प्रेमलग्न ना? आई सांगत होती. तुम्ही घर सोडून आलात म्हणे ह्यांच्यासाठी." मुलीने दोन्ही गुडघे छातीशी घेतले. "आणि ते तुमच्याशिवाय कुणाला दोर धरू देत नाहीत. असं कुणी आपल्याला म्हणालं तर..."

"तर पळ," विहीरवाली म्हणाली.

मुलगी हसली. तिला वाटलं थट्टाच. आणि विहीरवालीला त्या हसण्याचा इतका संताप आला की वाटलं, तिला धरून गदागदा हलवावं. कारण ते हसणं तिच्या ओळखीचं होतं. कधीकाळी तिचंच होतं ते.

त्या दिवशी जेवायला तो वर आला तेव्हा तिने विषय काढला. झाडाच्या पातळ सावलीत बसले होते. तो हात न धुताच जेवायला लागला.

"अहो, माझा खांदा गेलाय. दोन गडी लावा रहाटावर. बागेत रिकामे आहेत दोघं, पाणीच नाही तर करतील काय."

"तेल लाव."

"रोज लावते. तेलाने होण्यातलं नाही ते."

"मग शेक घे." त्याने भाताचा मोठा घास केला. "खडक संपला की झालं. जरा कळ काढ."

"खडक संपला की पुढची विहीर आहे. तिचा खडक आहे. आईचा खांदा बघितलाय का तुम्ही? कान टेकतो खांद्याला. मला तसं नाही व्हायचं."

तो चावायचा थांबला. चेहऱ्यावर ते जुनं हसू आणलं. वर असताना ते हसू तो क्वचितच आणायचा. फार अडलं तरच.

"अगं वेडे, माझा जीव तुझ्या हातात आहे. दुसऱ्या कुणाच्या हातावर मी उतरेन काय? मेलो तरी नाही."

एक शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता. सगळं तसंच, पाठ केल्यासारखं. तो उठला, फळीवर बसला आणि म्हणाला, "सोड."

संध्याकाळी सासू तिच्या खांद्याला तेल चोळत होती. सासूची बोटं वाकडी होती पण दाब कुठे द्यायचा ते त्यांना बरोबर कळायचं. तिची स्वतःची मान उजव्या खांद्याकडे कायमची झुकलेली, आयुष्यभर कुणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखी.

"आई, तुम्हाला कधी वाटलं नाही, सोडून द्यावं?"

"काय, दोर?"

"दोर नव्हे हो. काम."

"वाटायचं की." सासू तेल लावत राहिली. "पण हा बाबा ऐकायचा नाही ना. हाताला धरायचा नि म्हणायचा, माझा जीव तुझ्या हातात, दुसऱ्याच्या हातावर उतरणार नाही, मेलो तरी नाही. असं म्हटलं की बाई विरघळतेच."

चोळणं चालूच होतं. तिने मान वळवून सासूकडे बघितलं.

"कोण म्हणायचं? सासरे?"

"दुसरं कोण म्हणणार मला?" सासू हसली. "आणि त्यांचे वडील म्हणायचे त्यांच्या आईला. माझ्या सासूनेच सांगितलं होतं मला. ह्यांच्यात असंच आहे. बोलायला गोड."

"तुम्ही मला सांगितलं नाही."

"त्यात काय सांगायचं?" सासूला खरोखरच कळलं नाही. "नवरे बोलतात. पहार बापाकडून आली, छिन्नी आली, तसं तेही आलं असेल. उलट, वाईट तर काही शिकला नाही ना."

ती रात्रभर कूस बदलत राहिली नाही, रडलीही नाही. झोपली. दगडासारखी झोपली, कारण शरीराला संतापापेक्षा झोप जास्त हवी होती. संताप सकाळी उठला, तिच्याआधी.

सकाळी तो नेहमीसारखा उतरला. दुपारी जेवायला यायला निघाला तेव्हा बागवाल्याची मुलगी पाणी घेऊन काठाशी आली होती. तो फळीवर बसून वर येत होता, आणि येता येता मुलीला काहीतरी सांगत होता, खडकात पाण्याचा वास कसा येतो वगैरे. मुलगी वाकून ऐकत होती. तो निम्म्यावर आला असेल. मूठ वरच्या अंगाला गेली आणि विहीरवालीच्या खांद्यात कट्ट झालं.

हात हात राहिला नाही. सुटलेली मूठ उलटी फिरली, पहिल्या फेऱ्यातच तिच्या कोपरावर बसली, दुसऱ्या फेऱ्याला ती मागे पडली आणि पडता पडता तिने अडण्याला लाथ मारली. अडणा आत गेला. मूठ त्यावर आदळली, खांब हादरले, आणि सगळं थांबलं. दोर ताणलेला, थरथरत.

खालून आवाज आला.

"अगं ए भवाने! मारते काय मला? झोपली होतीस काय? डोळे फुटले काय तुझे? रांडे, दोर सोडतेस?"

आवाज तोच. तेवढाच मोठा, तेवढाच गोल. भिंती शिव्यांनाही तितक्याच मायेने फुगवतात. मुलगी दोन्ही हात तोंडावर ठेवून मागे सरकली.

विहीरवाली गुडघ्यांवर उठली. उजवा हात अंगाला लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. ती बाजूला ओकली. मग सरकत सरकत काठाशी गेली.

"माझा हात गेला," ती म्हणाली.

"काय?"

"हात गेला माझा. खांद्यातून निखळला."

"मग डाव्याने फिरव ना! आधी मला वर घे!"

ती खाली बघत राहिली. अंधारात फळी, फळीवर माणूस, माणसाचे दोन पांढरे डोळे. एवढ्या सगळ्या वर्षांत तिने त्याला असं वरून शांतपणे कधी बघितलंच नव्हतं. बघायला सवड कुठे होती, मूठ फिरत असायची.

"नाही फिरवत," ती म्हणाली.

"काय?"

"ऐकू येत नाही काय? नाही फिरवत. डाव्यानेही नाही, पुन्हा कधीच नाही."

"मी गड्यांना बोलावते," मुलगी म्हणाली आणि पळाली.

तेव्हा मात्र खालचा सूर पालटला. "नको! अगं, त्यांना हात लावू देऊ नकोस! राणी, ऐक ना, राणी... रागाने बोललो गं. माझा जीव तुझ्या..."

"पाताळ्या!"

तिने त्याला नावाने हाक मारली, तेही सगळं जग म्हणायचं त्या नावाने. विहिरीत तिचाही आवाज मोठा झाला. एवढा मोठा आवाज आपल्याला आहे, हे तिला नवंच होतं.

"हे तुझ्या बापाने तुझ्या आईला म्हटलंय. त्याच्या बापानेही म्हटलंय. तुझ्या घरातल्या एकाही बाईचा खांदा धड नाही. तुझं स्वतःचं काही असेल तर बोल. नसेल तर गप्प बस आणि फळी घट्ट धर."

दोर करकरला. मग खालून बारीक आवाज आला. भिंतींनी फुगवूनही बारीकच राहिलेला.

"मला भीती वाटते. खरंच सांगतो. डोळ्यांसमोर दुसरे हात आले की पाय गळतात माझे. तुझ्याच हाताचा भरवसा वाटतो. खोटं नाही बोललो मी कधी."

आणि ते खरं होतं. तिला कळलं की ते खरं आहे, आणि हेच जास्त वाईट होतं. खोटं असतं तर थुंकून मोकळी झाली असती. लहान पोराला आईच्याच कडेवर बसायचं असतं, तसं होतं ते. आईची कंबर दुखते काय, हे पोर विचारत नाही. पण पोर वाढतं, खाली उतरतं. हा दाढीमिशा आलेला बाप्या वर्षानुवर्षं तिच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हता, आणि ह्याला दोघंही प्रेम म्हणत होते.

दोन गडी आले. त्यांनी मूठ धरली, अडणा काढला आणि गप्पा मारत मारत, तिला लागायचा त्याच्या अर्ध्याहून कमी वेळात त्याला वर काढलं. तो डोळे मिटून आला. काठावर येताच मातीला धरून बसला. गड्यांपैकी एकजण म्हणाला, "हलका आहे की रे हा."

हाडवैद्याच्या ओसरीवर तिला जमिनीवर आडवं केलं. म्हाताऱ्याने काखेत टाच रोवली आणि हात ओढला. ती ओरडली. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्यात होतं. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. खांदा जागेवर बसला तसा वैद्याने हात छातीशी आवळून बांधायला घेतला.

"कामाला कधी येईल?" पाताळ्याने विचारलं. त्याचं ते पहिलं वाक्य.

"कसल्या कामाला?"

"दोर धरायला. आमचा विहिरीचा धंदा आहे."

वैद्य बांधता बांधता थांबला. "विसरा. खांदा झिजलाय आतून. आपली वेणी आपण घालता आली तरी पुष्कळ म्हणायचं."

"पण हिच्याशिवाय माझं कसं होणार?" पाताळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "लग्नापासून दुसऱ्या कुणाच्या हातावर उतरलो नाही हो मी."

दारात उभ्या असलेल्या वैद्याच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला. "किती जीव आहे बाई तुझ्यावर!"

"आहे ना," विहीरवाली म्हणाली. "मीच उचलत होते तो रोज."

वैद्याला हसू आलं. ते त्याने खोकल्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी बागवाल्याचा निरोप आला की गडी तयार आहेत, झाडं मरायला टेकलीत, लवकर या. पाताळ्याने पहार घेतली, छिन्नी घेतली, दारापर्यंत गेला आणि परत आला.

"तू नुसती चल. मूठ धरू नकोस. काठावर उभी रहा."

"नाही."

"नुसतं उभं राहायला काय होतं?"

"आज उभी राहीन. उद्या म्हणशील, डाव्या हाताने नुसता दोर धर. परवा मूठ. मी तुला ओळखते."

"चुकलं माझं. बस? पाया पडू?"

"पाया नको पडू. चूल पेटव. मला एका हाताने जमत नाही."

परवाचे दोन गडी सोडले तर बायकोने इतकी वर्षं त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं तर असलं काहीतरी मागितलं. त्याने पहार आपटली आणि निघून गेला. सासूने चूल पेटवली, भात टाकला. वाढता वाढता म्हणाली, "जायला हवं होतंस गं. पुरुष माणूस, मोडून पडेल."

"आई, तुम्ही त्याची बाजू घ्या, माझी ना नाही. पण माझ्या ताटात जरा मीठ घाला."

सासूने मीठ घातलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आपल्या वाकड्या खांद्यावरून हात फिरवला आणि तिच्याजवळ येऊन बसली.

तेवढ्यात बागवाल्याची मुलगी धावत आली. केस सुटलेले, धाप लागलेली.

"काकू, ते उतरतच नाहीत. फळीवर बसतात नि उठतात, बसतात नि उठतात. गडी हसतायत. बाबा चिडलेत, म्हणतात दुसरा विहीरवाला आणतो. काकांनी सांगितलंय, तुम्ही नुसत्या या. लांब बसलात तरी चालेल. नुसत्या दिसा म्हणाले." तिने सुटलेले केस मागे सारले. "रडतायत ते."

सासूने सुनेकडे बघितलं. मुलीने बघितलं. विहीरवालीला त्याची दया आली, आणि दया आली याचाच तिला इतका राग आला की हातातला घास तिने मुठीत चुरला.

"सांग त्याला, मी जेवतेय."

"जेवण झाल्यावर येता ना?"

"तू बस इथे," विहीरवाली मुलीला म्हणाली. "धावत आलीस. पाणी पी, मग जा. घाई करू नकोस. त्याला जरा वाट बघू दे."

मुलगी बसली. विहीरवालीने डाव्या हाताने पुढचा घास उचलला. सवय नव्हती, निम्मा तोंडात गेला, निम्मा मांडीवर सांडला. सांडलेला तिने एक एक शीत वेचून खाल्ला, आणि ताट संपेपर्यंत उठली नाही.